गोदूला नवं नाव पाहिजे

चौबे कॉलनी, रायपूर
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप ताईच्या पायांशी दिवाकरचा नमस्कार पोचावा (गुडघा दुखत असेल तर पाय पुढे करू नकोस, नमस्कार आपला आपण चालत येईल). भाऊजींचं पित्त आता कसं आहे? त्यांनी रात्रीचा ठेचा सोडल्याचं तू लिहिलंस, ते मी क्षमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. ठीक म्हणजे तब्येतीनं. बाकी, आपली गोदू माझ्याशी बोलत नाही. एरवी मी मराठीत विचारायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, एवढ्यावर बापलेकीचं छान चाललं होतं. आता हिंदीही बंद आहे. परवा जेवताना मला मीठ हवं होतं. मी गोदूला म्हटलं, गोदूनं आईकडे पाहिलं, आईनं मीठ उचलून माझ्यापुढे ठेवलं.

याला कारण माझी कादंबरी. तुला मी मागं लिहिलं होतं की दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी काहीतरी जादूचं, हसरं लिहितोय. ती कल्पना मला ऑफिसात सुचली. हे नवं राज्य होऊन अजून वर्षही झालं नाही. आम्ही भोपाळहून वाटणीत इकडे आलो, पण वाटणीत माणसं इकडे आली आणि टेबलं तिकडेच राहिली. एका रात्रीत राज्य मोठं होऊन वेगळं निघाल्याचं जाहीर झालं, आणि सकाळी मोठं होऊन बसायचं कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे साहेब कितीतरी दिवस फायलींच्या गठ्ठ्यावर बसून फायली बघत (वरची फाइल हवी असली की उठत, खालची हवी असली की ती अर्जंट नाही असं म्हणत). त्यांच्याकडे बघून मला आमची गोदू आठवायची. तिला बारावं लागतंय. मोठी झाले म्हणते, आणि मोठं होऊन बसायचं कुठे ते तिलाही ठाऊक नाही.

तर गोष्ट अशी. इथल्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या तलावाखाली एक राजवाडा आहे. तिथे गेलेलं मूल 'मी आता मोठी झाले' म्हणालं की वीतभर वाढतं, आणि 'मला नाही जमत' म्हणालं की वीतभर घटतं. नायिकेचं नाव मी गोदू ठेवलं (दुसऱ्या कोणाची मुलगी तलावाखाली पाठवायची माझी हिंमत झाली नाही). ही गोदू हट्टी. ती इतक्या वेळा मोठी झाले म्हणते की डोकं छताला लागतं, आणि मग दारातून बाहेर कशी येणार, इथे माझं घोडं पेंड खातंय. रडवून लहान करावी तर मला ते पटत नाही. नागपूरचे आमचे प्रकाशक रत्नाकरराव यांचं म्हणणं वेगळंच. त्यांना दार-बीर काही नको, त्यांना ड्रॅगन पाहिजे. मी लिहिलं की आमच्या तलावात ड्रॅगन नसतो, कासव आहे, ते राजाचा प्रधान आहे. त्यांचं उत्तर आलं, कासव चालेल, पण उडतं करा. मी केलं. ते आता तिसऱ्या प्रकरणात झुंबराला अडकलंय आणि खाली उतरायला तयार नाही.

मी काम मन लावून करतो हे तुला माहीत आहे. दोन मजली मुलीच्या फ्रॉकला कापड किती लागेल, हे नीट कळावं म्हणून मी गोल बाज़ारात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं उंची ऐकून घेतली, मग हळू आवाजात विचारलं, "भैया, बिटिया की उमर कितनी है?" मी म्हटलं, ग्यारह. त्यानं हातातला गज खाली ठेवला. मग उठून त्यानं मला पाणी दिलं, आणि घाबरू नका, जोडीचा मुलगाही भगवंतानं कुठेतरी बनवलाच असेल, असं समजावलं. एवढ्या मायेनं बोलणाऱ्या माणसाला ही गोष्टीतली मुलगी आहे हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तोवर त्यानं तागा उलगडला होता. सबब सध्या आमच्या घरातले सगळे पडदे, उशांचे अभ्रे आणि माझा रात्रीचा पायजमा एकाच गुलाबी फुलांचा आहे. त्या पायजम्यावर मला दारापर्यंत जायचीही मनाई आहे.

इथवर गोदू हसत होती. घोटाळा गणपतीत झाला. आपल्या मराठी मंडळानं मुलांसाठी मला एक प्रकरण वाचायला सांगितलं. मी नेमकं ते निवडलं, ज्यात दोन मजली गोदू झोपायला आपली गोधडी मागते आणि ती गोधडी तिच्या पायाच्या अंगठ्यालाच पुरते. तुला ठाऊक आहे, आमच्या गोदूला अजून क्षमाच्या जुन्या साडीच्या गोधडीचं टोक हातात धरल्याशिवाय झोप येत नाही. हे घरातलं होतं. मुलं खूप हसली, आणि हशा आला की माझ्यासारखा माणूस वाहवतो. मी तो उतारा पुन्हा वाचला. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरानं उठून विचारलं, "अंकल, ये अपनी गोदू ही है ना?" सगळी मुलं तिच्याकडे वळली.  तिनं चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी घरी गेली. आता कॉलनीतली मुलं तिला गोधडी छोटी पडली का विचारतात, आणि संध्याकाळी ती खेळायला उतरत नाही.

क्षमा मला एवढंच म्हणाली, "घरातलं सारं गावभर काहून सांगून राहिले तुम्ही? पोट्टीले बारावं लागून राहिलं. तिले लाज नाही वाटत का?"  ताई, मला फार वाईट वाटतंय. मी तिला हसवायला लिहिलं, आणि तिचंच हसू करून आलो.

असो. भाऊजींना नमस्कार सांग, ठेच्याची बरणी कुठे लपवली आहेस ते मला कळव, त्यांना कळवू नकोस. आणि माया आहे तशीच ठेव.

तुझा
दिवाकर

ता. क. खरं काम लिहायचं राहूनच गेलं. रत्नाकररावांना पुस्तक दसऱ्याच्या आत छापायला हवंय, आणि नायिकेचं नाव बदलल्याशिवाय मी ते देणार नाही, असं मी गोदूच्या बंद दाराला सांगून आलोय. पण बदलून ठेवू काय? मीनल ठेवून पाहिलं, मीरा ठेवून पाहिलं. ती मुलगी माझ्याच पुस्तकात पाहुण्यासारखी खुर्चीच्या काठावर बसते. क्षमा म्हणते, आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. गोदूच्या बारशाला मी नाव काढून तयार होतो, तर तू मला घुगऱ्यांच्या वाट्या भरायला स्वयंपाकघरात पिटाळलंस, आणि बाळाच्या कानात शर्मिष्ठा सांगून मोकळी झालीस. (एवढंसं बाळ आणि एवढं जोडाक्षर. म्हणून तर मी गोदू म्हणू लागलो.) तेव्हा या कागदावरच्या मुलीचं बारसंही तूच कर. नाव लवकर कळव, म्हणजे माझी मुलगी माझ्याशी बोलेल.

आणखी ता. क. (सोमवार सकाळ) वरची विनंती रद्द. पत्र रात्री टेबलावर राहिलं आणि गोदूनं ते वाचलं. मी दाढी करत होतो, ती दारात येऊन उभी राहिली आणि बोलली. हिंदीतच बोलली, पण मला इतका आनंद झाला की हनुवटी कापून घेतली. म्हणाली, पुस्तकातल्या मुलीचं नाव बदलायचं नाही. "उसका नाम गोदू ही रहने दो पापा, वो छोटी है. गोधडी भी उसी की. मेरा नाम शर्मिष्ठा है." मी म्हटलं, बरं. मग जाता जाता म्हणाली की तुमची गोदू दाराबाहेर येऊ शकत नाही कारण ती सारखी 'मोठी झाले' म्हणत बसते. जो सच में बड़े होते हैं, वो बोलते थोड़ी हैं. ताई, माझं शेवटचं प्रकरण तिनं साबण वाळायच्या आत संपवून दिलं.

पण आता माझी पंचाईत झाली आहे. सकाळपासून मी तिला हाक मारायला जातो आणि तोंडातून गोदूच निघतं, आणि ती ओ देत नाही. शर्मिष्ठा म्हटलं की मला वाटतं, मी कोणा दुसऱ्याच्या मुलीला बोलावतोय. तू दसऱ्याला इकडे ये. ते नाव तू सांगितलंस तेव्हा मी आत वाट्या भरत होतो, मला ऐकूच आलं नव्हतं. आता एकदा माझ्या कानात सांग.