कडू होतं, पण ओलं होतं

३ मार्च, मंगळवार
आज पुन्हा तेच. "अहो, एकच घोट." हिचं दिवसाचं ठरलेलं पाणी दुपारीच संपलेलं. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी बजावलंय— मूत्रपिंडं कामातून गेलीत, प्यायलेलं अंगातच साठतं, छातीत उतरतं. मशीनवर रक्त धुऊन आणतो, पण तोंडाची कोरड काही जात नाही.
नळाची चावी काढून खिशात ठेवली.

४ मार्च
रविवारी चर्चच्या उपासनेत मला बोलायचंय. पाळकांनी विषय दिला— अरण्यातल्या इस्राएल लोकांची बंडखोरी. हिला म्हटलं, "चाळीस वर्षं चालले, पण पायातली पायताणं झिजली नाहीत त्यांची."
"बरं झालं तुम्ही तिथे नव्हता. चांभाराची चूल कशी पेटली असती?"
किती दिवसांनी हसली! मग खोकला.

५ मार्च
मी पाणी दुकानात पितो, दार लोटून. आत आलो तर म्हणाली, "मिशी पुसा."

६ मार्च, शुक्रवार
लिहवत नाही. गिऱ्हाइकाची टाच ठोकून वळलो, तर ही कातडं भिजवायच्या बादलीपाशी बसलेली. ओंजळ तोंडाला. ते तपकिरी, उग्र पाणी!
बादली लाथाडली मी. ओरडलो— "बंडखोर आहेस तू! डॉक्टरांचं ऐकत नाहीस, माझं नाही, देवाचंही नाही!"
तिनं पालथ्या हातानं ओठ पुसले. "कडू होतं. पण ओलं होतं."
लेक आतून धावत आली. आईला उठवलं. मला एवढंच म्हणाली, "बाबा, तहान लागलीय तिला. गुन्हा नाही केला."

८ मार्च, रविवार
बोलायला उभा राहिलो, पण गाडी मध्येच अडली. लोक तहानेनं कुरकुरत होते. देवानं त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला सांगितलं होतं— खडकाशी बोल, तो पाणी देईल. त्यानं काठी हाणली, दोनदा, आणि लोकांना बंडखोर म्हणाला. पाणी तरीही आलं! तहानलेले प्यायले. देवानं देऊ केलेल्या देशाच्या बाहेर राहिला तो मोशे.
गावच्या शाळेत अक्षरं जुळवायला लागलो तेव्हापासून हे वाचतोय. दर वेळी मोशेच्या शेजारी उभा राहून लोकांना नावं ठेवली. खाली बसलो.
पाळक म्हणाले, "आज लवकर आटोपलंत."
पाणी मोजायलाच हवं, ते खोटं नाही. पण काठी हाणायला कोणी सांगितलं होतं?

१० मार्च
नळाची चावी तिच्या हातात दिली. पेलाही. म्हटलं, "तूच मोज."
संध्याकाळी पेल्यात पाणी उरलेलं! माझ्यापेक्षा कडक निघाली. "विश्वास टाकलात," म्हणाली, "मग मोडायचा कसा?"

१३ मार्च
मशीनवर रक्तदाब पडला. अर्ध्यातून उतरवलं. लेक कोपऱ्यात तोंड फिरवून उभी.

१६ मार्च, सोमवार
डॉक्टर म्हणाले, हिचं हृदय आता मशीन सोसणार नाही. घरी न्या. मागेल तेवढं पाणी द्या.
तांब्या काठोकाठ भरून तिच्यापाशी बसलो. दोन घोट घेतले तिनं. मग तांब्या माझ्याकडे सरकवला.
"आता तुम्ही. इथेच. माझ्यासमोर."