दिवेलागणीचं विरजण

ती. आईस,
रोहिणीचा लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. दंगल चौकापर्यंतच आली होती, आमच्या गल्लीत नाही. टीव्हीवर तू पाहिलेली जळकी बस त्याच चौकातली. आता संचारबंदी रोज संध्याकाळी थोडा वेळ उठते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. दीपमालावहिनी वाचून दाखवील. गुडघा कसा आहे? माकणीच्या कालव्याला पाणी सोडलं का?

परवा माझ्याकडून एक चूक झाली. खालच्या मजल्यावरची खैरूनभाभी वाटी घेऊन वर आली.
"ताई, आत्ता कुठं दूध मिळालं. जरा विरजण द्या की."

देवापुढं दिवा लागला होता. दिवेलागणीनंतर दही घराबाहेर देऊ नये, हे तुझं सांगणं अंगात इतकं मुरलंय की मी दारात नुसती उभी राहिले.

तिचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या," म्हणून ती जिना उतरली.

तिला काय वाटलं असेल ते मला उशिरा उमगलं. दही घेऊन खाली धावले, तुझा नियम सांगितला.
"आमची अम्मा बी हेच म्हणायची," ती म्हणाली. "पर कर्फ्यू सांजेलाच उठतो, त्याला काय करायचं?"
दही तिनं घेतलं नाही.

काल जिन्यात भेटली, तेव्हा न बोलता बाजूला झाली. आज सकाळी मात्र खालून हाक आली, "ओ ताई, चिमूटभर मीठ हाय का?"

मी वाटीभर घेऊन गेले. तिच्या ओट्यावर मिठाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. आम्ही दोघींनीही तिकडं पाहिलं नाही.

काळजी करू नकोस म्हटलं तरी तू करशीलच.

तुझी,
रोहिणी