पाय लागला तरी

तुबली, बहरीन
१० जानेवारी २०२५

ती. अक्कास,
गणपतचा शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं, अर्धं संपलंही. फोनवर बोलायची सोय नाही. तू स्पीकर लावतेस आणि अख्खी वाडी मला ऐकते, म्हणून हा कागद.

तुझा प्रशांत इथल्या क्लबच्या निवडीत आलाय. खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. पायानं मारायचा, हातानं झेलायचा, आणि झेलताना दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा देऊन चढलं तरी चालतं. चालतं कसलं, लोक टाळ्या पिटतात. आखातातल्या हौशी क्लबांनी नवी पोरं आपसांत वाटून घेतली, आमच्या वाट्याला नऊ आली. त्यांतली चार ठेवायची. कोच ऑस्ट्रेलियन, बांधकाम कंपनीत मोठे साहेब. संघात आला त्याला ते कंपनीत चिकटवतात. प्रशांतचा ड्रायव्हरचा व्हिसा मार्चअखेर संपतो, हे तुला ठाऊकच आहे.

मी यात कुठून आलो म्हणशील. साहेबांची गाडी बारा वर्षं माझ्या गॅरेजात येते. बॉनेट न उघडता आवाजावरून मी दुखणं सांगतो, याचं त्यांना भारी कौतुक. बुसैतीनच्या मैदानावर शेजारी खुर्ची टाकून म्हणाले, डोळे मीट आणि बूट चेंडूवर कसा बसतो ते ऐकून मार्क दे. सातवी नापास माणूस परीक्षक झालाय, हसून घे.

आता रडायचं ते. प्रशांतचा बूट असा बसतो की कान निवतात. उडी तर नवांत उंच. पण कुणाला पाय लागला की गडी थांबतो! वाकून त्याला हात लावतो, तो हात छातीला लावतो, मग चेंडू शोधतो. तोवर चेंडू पूल ओलांडून पार मनामा शहरात. गुरुवारी अकरा वेळा झालं. याला चक्कर येते का, असं साहेब विचारत होते. या नवांतच निहार म्हणून पुण्याकडच्यांचा मुलगा आहे, जन्म इथलाच, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तो याला गुरुजी म्हणून चिडवतो, आणि रोज स्वतःच्या गाडीतून ने-आणही तोच करतो. पोरगा लाखात एक.

पुढच्या महिन्यात निवडीचा शेवटचा सामना, पोरं दोन बाजूंना वाटून. या चालीनं तुझा लेक गळणार, अक्का. सवय तू लावलेली, म्हणून तुला विचारतो. काय करू?

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा गणपत


देवरूख
२१ जानेवारी

चि. गणपतास,
काशीबाईचे आशीर्वाद.

पत्र ऐकून हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. पाय लागला की पाया पडायचं हे मीच शिकवलं. तूही त्याच घरात शिकलास, तुझं कुठं सांडलं देव जाणे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. तिकडे जायच्या आधी प्रशांत काजूच्या कारखान्यातलं काम सुटून घरी बसला, तेव्हा तीन महिने कुणाशी बोलला नाही. पंख्याकडे बघत पडून असायचा. त्याच्या खोलीची कडी मी काढून ठेवली होती. एवढं सांगितलं, पुढचं समजून घे. तिकडे गेल्यापासून फोनवर त्याचं हसू ऐकते. तो परत इथे नको रे.

तर सवय मोड. कशी मोडायची ते तू बघ, मामा आहेस. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
अक्का


तुबली
२३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सवय मोडली. कशी, ते ऐक.

गॅरेज बंद झालं की मी फरशीवर ओणवा व्हायचो. प्रशांतनं धावत यायचं, माझ्या पाठीवर गुडघा द्यायचा आणि वर टांगलेला चेंडू काढायचा. हात नमस्काराला खाली आला की मी फटका मारायचो. पहिल्या दिवशी रडला. मामाच्या अंगावर पाय, पाप लागेल म्हणाला. पाप मला लागू दे म्हटलं, यल्ला, चल पुन्हा. चौथ्या दिवशी रडायचा थांबला. आठव्या दिवशी त्यानं खाली बघितलंच नाही. मी त्याला मिठी मारली, अक्का. एवढा आनंद झाला मला.

मागच्या शनिवारी सामना झाला. निहार समोरच्या बाजूनं होता. चेंडू उंच आला, झेलायला निहार खाली उभा राहिला. मागून प्रशांत. माझे डोळे सवयीनं मिटलेले. तीस वर्षं गॅरेजात मोडतोड ऐकतोय, पण हा आवाज अगदी लहान होता, सीटबेल्ट अडकवल्यासारखा. डोळे उघडले तर निहार पालथा पडलेला, आणि प्रशांत झेल घेऊन, चेंडू मारून, मैदानाच्या पार पलीकडे पोचलेला. साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले आणि मग थांबले.

मानेचं हाड मोडलंय. खाली हात-पाय हलत नाहीत. बरा होईल का विचारलं की डॉक्टर इंशाल्ला म्हणतात. इतकी वर्षं इथे काढली, कुठला इंशाल्ला कसला ते आवाजावरून कळतं मला. निहार शुद्धीत आहे. माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला. झेल घट्ट घेतला का त्यानं, असं विचारत होता. त्याची आई सुनंदाबाई मलाच धीर देत होत्या. तुमच्या भाच्याचा काय दोष, खेळच तसा, म्हणाल्या. ओणवं कोण व्हायचं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

यादीत प्रशांतचं नाव पहिलं आहे. तो हॉस्पिटलात गेलेला नाही. चल म्हटलं, तर सगळं नियमात होतं म्हणाला, आणि सरावाला गेला. जेवतो नीट, झोपतो नीट.

मी सांगितलं तर साहेब अजूनही यादीतून त्याचं नाव काढतील. मग मार्चअखेर तो तुझ्या दारात. तू लिहिलेलं वाचल्यावर हे एकट्यानं ठरवायची माझी छाती नाही. तू सांगशील तसं करतो.

तुझ्या मायेला अजून पात्र असलो तर ती असू दे.
गणपत


देवरूख
६ मार्च

चि. गणपतास आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधीच त्याचा फोन आला होता. निवड झाली म्हणाला. मी वाडीत पेढे वाटले. त्या मुलाचं नावही त्यानं काढलं नव्हतं.

पत्र वाचून मीच फोन लावला. निहारला भेटून आलास का, विचारलं. वेळ कुठे आहे म्हणाला, आणि क्लबनं दिलेले नवे कपडे कॅमेऱ्यात दाखवायला लागला. हसत होता. असं हसू मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हेच मी तुझ्याकडे मागितलं होतं.

तुला बोल लावत नाही. सांगितलं मी, केलंस तू. सुनंदाबाईंना पत्र लिहायला बसले होते. नमस्काराच्या पुढे हात सरकला नाही.

त्याचं नाव यादीतून काढायला सांगू नकोस. राहू दे त्याला तिकडेच. गणपतीला घरी येतो म्हणाला, तर साहेबांनी रजा दिली नाही म्हणून त्याला सांग. एवढं खोटं माझ्यासाठी बोल. ह्यांना यातलं काही माहीत नाही.

उत्तराची घाई करू नकोस.
अक्का