चार दाण्यांची ओंबी

ती. दादास,

आमचा नवा गहू पास झाला. चाचणीत जुन्या वाणापेक्षा एकरी दोन क्विंटल जास्त उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. फोनवर तू इतक्या वर्षांनंतरही म्हणालास, "तुझ्या साहेबाला मात्र मी माफ करणार नाही. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि त्यानं रजा दिली नाही." मी नुसतं "हं" म्हटलं.

दादा, साहेबांनी रजा दिली होती. "आत्ताच्या आत्ता निघ," म्हणाले होते. मीच थांबले. दाणा मोठा करणारा जनुक असलेल्या रोपाचा पराग त्याच सकाळी तयार झाला होता, आणि गव्हाचा पराग अर्ध्या तासात मरतो. म्हटलं, एवढी ओंबी उरकते आणि दुपारची गाडी पकडते. पराग शिंपडला, ओंबीवर कागदी पिशवी चढवली. पिशवीवर तारीख घालत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. आई गेली होती. मी तारीख पूर्ण लिहिली.

त्या ओंबीत चारच दाणे धरले. रोपं उगवल्यावर पानं तपासली, तर एकातही तो जनुक उतरला नव्हता. उपटून टाकली. पास झालेला गहू दुसऱ्याच ओंबीचा आहे. आईच्या दिवसकार्यासाठी मी तुमच्याकडे होते त्या आठवड्यात मदतनीस बाईंनी तिच्यावर पराग टाकला होता.

मला रडू येत नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. हे पत्र पाठवायची हिंमत नाही. तू साहेबांना शिव्या घालतोस तेव्हा मी गप्प होते, आणि तुला वाटतं, आईच्या आठवणीनं माझा गळा दाटलाय.

तुझी,
धाकटी