पाय टेकला की एसटी

अण्णा, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावा. आज रविवार आहे. सायकलवरून आले ती चिखलाच्या मोज्यांनिशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी ठेवून. मुलगी वर अंघोळीला गेली आहे आणि मोठमोठ्यानं गाते आहे. मी आयर्लंडमध्ये राहते, डब्लिनच्या दक्षिणेला. चेरीवूडच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते आणि सुटीच्या दिवशी विक्लोच्या डोंगरांतून सायकल चालवते, तुमच्यासारखी. हे 'तुमच्यासारखी' ऐकून आईचा फोनवर ऊर भरून येतो. मला ते शिवीसारखं लागतं.

तुम्ही सरकारी ऑफिसात कारकून होतात, पण ती तुमची ओळख नव्हती. ओळख होती ती सायकलची. जोडून सुट्ट्या आल्या की तुम्ही आणि तुमचे चार मित्र निघायचात, आणि आदल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येकासाठी एक पोस्टकार्ड लिहायचात. बारीक, देखण्या अक्षरात सगळा रस्ता: कुठे चढ, कुठे विहीर, कुठे पंक्चरवाला, कुठल्या गावात पिठलं-भाकरी मिळेल. दम खायची जागा त्या कार्डावर कधीच नसायची. आणि नियम एकच, तो लिहायचीसुद्धा गरज नव्हती. घाटात पाय टेकला की एसटी. सायकल टपावर, माणूस आत, सरळ पुण्याला परत. तुमचे मित्र या नियमावर एकमेकांना टाळ्या द्यायचे. त्यांतल्या कुणाला कधी परत पाठवल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

मी तेरा वर्षांची असताना तुम्ही मला एकदाच नेलंत. किती मागे लागले होते मी! पहिल्या दिवशी कात्रज झाला, खंबाटकी झाला, मी पाय टेकला नाही. भाड्याची लेडीज सायकल, गिअर नाहीत, पोटऱ्यांचे गोळे झालेले. रात्री वाईला धर्मशाळेत तुमचे एक मित्र म्हणाले, "अहो, पोरीनं नाव काढलं तुमचं." तुम्ही म्हणालात, "अजून पसरणी आहे." एवढंच. मला वाटलं होतं, निदान माझ्याकडे बघाल. तुम्ही कंदिलाशी चेनला तेल देत बसला होतात. मी तुमच्या पाठीकडे बघत झोपले आणि ठरवलं की उद्या मेले तरी उतरायचं नाही.

पसरणीच्या घाटात मी सगळ्यांत मागे आहे. मित्र केव्हाच पुढे गेले आहेत, माझ्यापुढे फक्त तुम्ही, एका वळणाच्या अंतरावर. ऊन चढलं आहे, दगडी कठड्यावर माकडं बसली आहेत. मी वळण घेते आणि तुम्ही दिसता. चालताना. सायकल कमरेला टेकवलेली, एक हात हँडलवर आणि दुसरा शर्टाच्या आत, छातीवर, चोळत असलेला. पाचसहा पावलं तुम्ही अशी टाकता, मग थांबता, तोंड उघडं. मी ब्रेक दाबते. तुमच्याकडे बघता बघता माझा पाय रस्त्याला टेकतो, मला कळतही नाही. आणि तुम्ही मागे वळून बघता. आपण एकमेकांकडे बघतो, अण्णा. तुम्ही हात शर्टातून काढता, सायकलवर बसता आणि पुढच्या वळणाआड जाता.

वर चहाच्या टपरीवर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलंत, "पाय टेकलास?" मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी हो म्हणाले. "मग एसटी," तुम्ही म्हणालात. मित्र म्हणाले, जाऊ द्या हो, लहान आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. महाबळेश्वरहून येणारी गाडी थांबवलीत, माझी सायकल टपावर चढवून दोरीनं स्वतः बांधलीत, गाठ दोनदा ओढून बघितलीत, आणि कंडक्टरला म्हणालात, "स्वारगेटला उतरवा हिला." मी खिडकीतून बघत होते, तुम्ही चहाचा कप तोंडाला लावलात.

घरी आई थालीपीठ थापत होती. दारात मला आणि सायकलला बघून तिच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "पाय टेकलास ना?" तिलासुद्धा तुम्ही तयार केलं होतं. मी हात धुतले आणि थालीपीठ खाल्लं. तीन दिवसांनी तुम्ही आलात, अंघोळ केलीत, पेपर वाचलात. घाटाचा विषय ना तुम्ही काढलात ना मी. पुढे दोन वर्षं आपण एका घरात राहिलो आणि जेवताना 'आमटी दे', 'मीठ दे' याच्यापलीकडे गेलो नाही. तुम्हाला माझी भीती वाटायची, हे मला चाळिशीनंतर कळलं. तेराव्या वर्षी वाटलं होतं की मी तुम्हाला आवडत नाही.

मग तुम्ही ऑफिसच्या जिन्यात कोसळलात. डॉक्टर म्हणाले, दुखणं आजचं नाही, बरेच दिवस अंगावर काढलेलं दिसतंय. आई म्हणत राहिली, "कधी कुरकुर केली नाही हो त्यांनी." भेटायला आलेले तुमचे मित्र सतरंजीवर बसून सांगत होते, काय माणूस होता, आयुष्यात घाटात पाय टेकला नाही. मी पंधरा वर्षांची, चहाचा ट्रे घेऊन उभी. मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी कप वाटले.

आता इथलं सांगते. इथे आल्यावर दोन हजार चौदा साली सायकल घेतली, बावीस गिअरची. आधी एकटीच जायचे. एनिस्केरीहून ग्लेनक्री, तिथून वर सॅली गॅप. ग्लेनक्री सोडलं की झाडं संपतात आणि नुसतं दलदलीचं माळरान सुरू होतं, जिकडे बघावं तिकडे तपकिरी, मैलोन् मैल. ऑगस्टमध्ये त्यावर हेदरची जांभळी फुलं. पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या रस्त्यात बसतात आणि हटत नाहीत. घाट म्हणावा असा घाट नाही, पण वारा समोरून येतो आणि चढ संपला म्हणेपर्यंत पुढचा दिसतो. मग ऑफिसातली पुण्या-मुंबईची मंडळी यायला लागली, दहा जणांचा ग्रूप झाला. रूट मी आखते. व्हॉट्सॲपवर पाठवते, कुठे चढ, कुठे पाणी, लारा गावात चहा कुठे. परवा जुने मेसेज चाळताना दिसलं, दम खायची जागा मीही कधी टाकलेली नाही.

मी पाय टेकत नाही, अशी माझी ख्याती आहे. "ताई, तुम्ही मशीन आहात यार!" असं ती पोरं म्हणतात आणि मी हसते. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून नवीन आलेली एक मुलगी आमच्याबरोबर आली. ग्लेनक्रीच्या वरच्या चढावर उतरली आणि म्हणाली, "मी चालत येते न ताई, तुम्ही व्हा समोर." मी म्हणाले, "इथे एसटी नाही म्हणून वाचलीस." सगळे हसले. ती पण हसली. पुन्हा ती कधी आली नाही. मी तिला एक फोन केला नाही. हे तुमच्याकडून आलंय असं म्हणून मला सुटता येणार नाही, पण आलंय तुमच्याकडूनच.

आणि खरं तर तीन वर्षं झाली, मी त्याच चढावर उतरते. छाती नाही, गुडघा आहे, उगाच खूश होऊ नका. सगळ्यांच्या पुढे जोरात निघायचं, वळणाआड जायचं, उतरायचं, वीस-तीस पावलं चालायचं, कान मागे ठेवायचे, आवाज आला की पुन्हा बसायचं. आजवर कुणाला कळलेलं नाही. वर पोचून त्यांची वाट बघत उभं राहायचं, बाटलीतलं पाणी पीत. तुम्ही किती वर्षं हेच करत होतात, अण्णा? किती घाटांत?

आज मुलीला पहिल्यांदा बरोबर नेलं. तेरा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्यासारखं. तिला म्हटलं, ग्रूपबरोबर ये, मी पुढे होते. वळणाआड उतरले. माळावर धुकं होतं, वारा उलटा, मागचा आवाज आलाच नाही. मी गुडघा दाबत लंगडत चालले आहे, आणि मागून एवढ्या मोठ्यानं हाक आली की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. "आई! यू ग्रँड?" म्हणजे बरी आहेस ना, इथे असंच विचारतात. ती सायकलवरून उतरून पळत येत होती, हेल्मेट एका कानावर. मी वळले. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? काळजीनं एवढंसं तोंड झालेल्या त्या पोरीला मी म्हणाले, "पाय टेकलास?" तुमचाच आवाज. शब्दसुद्धा तुमचेच.

तिला काही कळलं नाही. तिनं माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "यू आर वॉकिंग टू, लाइक," ती म्हणाली. मग माझ्या बाजूला आली आणि आम्ही चालायला लागलो. मागून ग्रूप आला. मला वाटलं, आता संपलं. एक जण नुसता म्हणाला, "अरे वा, ताई चालतायत? मग आपण पण चालू या, मेलोय मी." आणि तोही उतरला. धडाधड सगळे उतरले. कुणी बिस्किटं काढली. आम्ही दहा माणसं त्या वाऱ्यात सायकली ढकलत, बिस्किटं खात वरपर्यंत चालत गेलो. इतकं सोपं होतं ते! मला एवढा संताप आला तुमचा की वर पोचल्यावर मी लांब जाऊन उभी राहिले. मुलीला वाटलं, गुडघा फार दुखतोय.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं नाही. ती पंच्याहत्तरीची आहे, तिला तिचा नवरा असू दे. मुलगी ज्याला प्रेस म्हणते त्या कपाटात, पंक्चरच्या डब्याखाली ठेवीन. उद्या नागपूरच्या त्या मुलीचा नंबर शोधायचा आहे, अजून चेरीवूडलाच असेल तर.

एक राहिलं. माझ्या मुलीनं आज मारली ती हाक मी तुम्हाला मारली नाही. तुम्ही रागावला असतात म्हणून, असं तीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्हाला छाती धरून चालताना बघितलं, तेव्हा मला तुमची काळजी वाटलीच नाही, अण्णा. मला आनंद झाला होता.