अँथुरियमचं क्वालिटी कंट्रोल

४ फेब्रुवारी, सकाळी
बायको गेली. म्हणजे बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पंधरा दिवसांचा प्रश्न. खाली टॅक्सी हॉर्न मारतेय आणि ही जेवणाच्या खोलीतल्या खिडकीशी त्या अँथुरियमचा निरोप घेतेय. माझा निरोप जिन्यात, घाईघाईत. वर सूचना: कुंडीकडे लक्ष द्या, पण फार लक्ष देऊ नका.
मी पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख. माझ्या सहीशिवाय एक पंप गेटबाहेर पडत नाही. मला म्हणे फार लक्ष देऊ नका!
संकल्प: ती येईपर्यंत झाड दुप्पट. फुलांनी लगडलेलं. मग बघू कोण कोणाला सूचना देतं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
थोडं वाचन केलं. ते लाल, चकचकीत जे दिसतं ते फूलच नाही म्हणे! ते पान. खरी फुलं म्हणजे मधल्या दांडीवरचे बारीक ठिपके. इतकी वर्षं ही पाहुण्यांना पान दाखवून फूल म्हणत होती. आमच्या खात्यात याला फसवणूक म्हणतात.

६ फेब्रुवारी, रविवार
इन्स्पेक्शन. कुंडी उलटी केली. आत माती जवळजवळ नाहीच. सालीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, कोळसा. नुसता केर. झाड मूळचं सासूबाईंचं, तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. सगळा केर फेकला. बिल्डिंगमागच्या वाफ्यातली चिकण माती भरली आणि बत्त्याने ठोकली. आता झाड खांबासारखं उभं आहे. हलवून दाखवावं कोणी.

८ फेब्रुवारी
खिडकीला पातळ पडदा. त्यातून गाळून येणाऱ्या उजेडात काय जीव असणार? कुंडी बाल्कनीत नेली, भर उन्हात. हिने लाडावून ठेवलेलं झाड आहे. शिस्त लागली पाहिजे.

११ फेब्रुवारी
पानांवर तपकिरी चट्टे. ऊन मानवतंय.
वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, अहो, झाड भाजतंय, आत घ्या. यांच्या बाल्कनीत इतक्या कुंड्या की कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि ह्या मला शिकवणार. मी म्हटलं, भाजत नाहीये, टॅन होतंय. बाई आत गेल्या. उत्तर सुचलं नाही की माणसं आत जातात.
संध्याकाळी बायकोचा फोन. झाड कसं आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा गॅस सिलिंडरचा. माझी चौकशी तिसऱ्या नंबरवर. म्हटलं, झाडाची प्रगती आहे. मग तिच्या आजवरच्या चुका एकेक करून समजावल्या. ती मन लावून ऐकत असावी. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो मेहुणीकडच्या कामवालीचा असणार.

१४ फेब्रुवारी
आयडिया. कारखान्यातून छोटा पंप आणला. मीच रिजेक्ट केलेला, पण घरगुती कामाला काय धाड भरलीय? टायमर लावला. बादलीतून नळी थेट कुंडीत, बादली घराच्या बारीक सोडलेल्या नळाखाली. मी ऑफिसात, झाडाला वेळेवर पाणी. झारी घेऊन झाडाशी गप्पा मारत बसणाऱ्या समस्त बायकांना चपराक.

१५ फेब्रुवारी
पंप बंदच झाला नाही. म्हणजे तो रिजेक्ट करण्याचा माझा निर्णय अचूक होता. याची नोंद कोणी घेणार नाही, म्हणून इथे घेतो.
पाणी बाल्कनीतून हॉलमध्ये, हॉलमधून खालच्या मजल्यावर. खाली दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचा सोफा भिजला. वर येऊन वाट्टेल ते बोलले. दातांचे डॉक्टर, आणि तोंडावर ताबा नाही!

१८ फेब्रुवारी
पानं पिवळी. दोन गळाली. कुंडीला वास. वरच्या बाई आज चक्क दारात हजर. म्हणाल्या, मुळं कुजताहेत, माझ्याकडे द्या, बघते. म्हटलं, बिनपुराव्याचं बोलायचं नाही. आधी टेस्ट.
आमच्या टेस्टिंगमधले जुने लोक पंपातलं पाणी जिभेला लावून गंज ओळखायचे. मी पानाचा तुकडा तोडला आणि चांगला चावला.

१८ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
जिभेला हजार सुया. ओठ सुजले. नाइलाजाने खालच्या डॉक्टरांकडे. त्यांनी माझं तोंड नको तितका वेळ उघडं ठेवून पाहिलं. म्हणाले, या झाडाचा चीक असाच चावतो, गार पाण्याने चूळ भरा, बर्फ चघळा, घाबरण्यासारखं काही नाही, दोन दिवस बोलू नका. बोलू नका हे दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा चेहऱ्यावर समाधान होतं. सोफ्याचा सूड. हलकी माणसं.
घरी आलो तर बायकोचा फोन. मला नुसतं हं म्हणता येत होतं. मग तीच बोलत राहिली. मेहुणी आता काठी घेऊन चालते. दोघी मिळून लहान मुलींचे फ्रॉक शिवतात, खालच्या दुकानाने सगळे ठेवून घेतले, आणखी मागितलेत. हातात कात्री धरली की दुपार कशी जाते कळत नाही, म्हणाली. लग्नाआधी ती शिवणकाम शिकवायची म्हणे. मला हे माहीत नव्हतं. मध्येच हसलीसुद्धा. फ्रॉकला खिसा उलटा लागला म्हणून. ते हसणं ऐकून बरं वाटलं, कारण नसताना.
शेवटी म्हणाली, आज तुम्ही किती छान ऐकलंत.
अर्थात. ऐकण्यात मी पहिल्यापासून चांगलाच आहे. तिलाच संधी मिळत नसेल.

२० फेब्रुवारी
जीभ पूर्ववत. लगेच तिला फोन लावला. परवाच्या बोलण्यात बऱ्याच त्रुटी होत्या, त्या राहून गेल्या होत्या. शिवण मोजायची पद्धत, बटणांची ताकद, दुकानदारावर विश्वास न ठेवण्याची कारणं, आणि उलटा खिसा ही हसण्याची गोष्ट नाही, तो डिफेक्ट आहे, हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, बरं, ठेवते. भारावून गेली असावी.

२३ फेब्रुवारी
पंधरा दिवस केव्हाच झाले. ती म्हणते, अजून थोडे दिवस राहते. मेहुणी कालपासून काठीशिवाय चालते, हेही तिनेच सांगितलं. मग राहायचं कशाला? विचार केला. उघड आहे. झाडाचं काम पूर्ण करायला मला वेळ देतेय. समजूतदार आहे. माझ्या सहवासाचा परिणाम.
झाडाला आता एकच पान. एका पानाकडे नीट लक्ष देता येतं.

२६ फेब्रुवारी
ते पानही गेलं. कुंडीत एक बुडखा. याला सुप्तावस्था म्हणतात. वरच्या बाईंना हे सांगितलं तर त्या माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

१ मार्च
मेहुणा आला. न कळवता, गाडी घेऊन. हिचा भाऊ म्हणजे माणूस कमी आणि मौन जास्त. चहा नको म्हणाला. हिचं शिवणयंत्र उचललं, उन्हाळी कपड्यांची बॅग भरली, चष्म्याचा जादा जोड घेतला. मग म्हणाला, ताईने कुंडीही मागितलीय. दिली. त्याने आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. म्हटलं, ताईला सांग, सुप्तावस्था आहे. खाली गाडीत जाऊन तो सीटबेल्ट लावायला लागला. स्वतःला नव्हे, कुंडीला.
बाल्कनी मोकळी झाली. हॉलपर्यंत उजेड येतो. चांगलंच झालं.

७ मार्च, संध्याकाळी
तिने फोन केला नाही, म्हणून मीच केला. म्हणाली, माती सगळी धुऊन काढली, कुजलेली मुळं कापली, सालीच्या तुकड्यांत लावून खिडकीशी ठेवलं. आज बुडाशी हिरवा कोंब दिसला. आवाजात आनंद होता. मी म्हटलं, बघ, सुप्तावस्था म्हटलं होतं ना. मग विचारलं, परत कधी? म्हणाली, आता इतक्यात त्याला इथून हलवायचं नाही. म्हटलं, कुंडीचं नाही, तुझं विचारतोय.
तिने फोन ठेवला नाही. मी दोन-तीनदा हॅलो म्हटलं. मागे शिवणयंत्र चालल्याचा आवाज मात्र स्वच्छ येत होता.
लाइनमध्ये दोष असावा. उद्या टेलिफोनवाल्यांना खडसावतो.