गिरणी रिकामी फिरवणार नाही

४ एप्रिल
वीजबिल आलं. युनिट गेल्या महिन्याइतकेच, रक्कम मात्र बाळसं धरलेली. त्यात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ. कोळसा कुठंतरी महागला, त्याचं समायोजन कडेगावात माझ्या पिठाच्या गिरणीत.

दुपारी मोठे भाऊजी आले. गाळा दोघा भावांच्या नावावर. ह्यांची नोकरी फौजेत, सध्या आसामात. म्हणजे अर्धा मालक सरहद्दीवर आणि अर्धा माझ्या उंबऱ्यात.

“सुनंदा, मोबाईलवाला गाळा मागतोय. अक्षय्य तृतीयेला दुकान मांडायचं म्हंतोय. गिरणी आता परवडत न्हाई, बाई.”

मी म्हटलं, एप्रिलचं बिल येईपर्यंत थांबा, ते खाली आणून दाखवते.

“आन् न्हाई आलं तर?”

तर किल्ली तुमच्या हातात. बोलून गेले. तोंड माझं आहे, त्याला ब्रेक नाही. अठरा वर्षं चालवतेय गिरणी. एका वाक्यात पणाला लावली.

५ एप्रिल
सोपा उपाय केला. दळण किलोमागं एक रुपया वाढवलं. दाराशेजारच्या फळ्यावर लिहिलं : ‘कोळसा महागल्याने ज्वारीचे दळण महागले. ज्वारीला याची कल्पना नाही.’ बायका वाचून हसल्या आणि रुपया देताना हसायच्या थांबल्या.

९ एप्रिल
शांताक्काच्या खानावळीत भाकरी दोन रुपयांनी वाढली. समोरच खानावळ, म्हणून जाऊन विचारलं.

“तूच दळाण वाढवलंस की! आन् सिलिंडर काय फुकट येतंय व्हय? भाजीचा टेम्पोवाला डिझेल डिझेल करतोय त्यो येगळाच.”

पण माझा किलोला एक, तुझा भाकरीला दोन? एका किलोत भाकऱ्या किती होतात, अक्का?

“हिशेब इचारू नगंस. समद्यांनी वाढवलं म्हून म्याबी वाढवलं.”

अर्थशास्त्र म्हणजे बहुतेक हेच. बाकीची पुस्तकं उगाच जाड.

१२ एप्रिल
दगड बोथट झालेत. बोथट दगड पीठ जाड काढतो आणि वीज जास्त खातो, म्हणून टाकी लावायला, म्हणजे दगडाला नव्यानं खाचा पाडायला, गणपानानांना बोलावलं. छिन्नी-हातोडा घेऊन आले. सकाळभर टकटक, दगड कसे नव्यासारखे झाले. मग मजुरी. गेल्या वेळेपेक्षा शंभर जास्त.

का हो नाना?

“आवं, इस्लामपुरास्नं गाडीवर यायचं, पेट्रोल घालावं लागतंय. आन् हितं शांताक्काकडं जेवलो, तर भाकरी लय म्हाग झालीया.”

माझा रुपया आठवड्यात गाव फिरून आला. येताना नव्याण्णव पाव्हणे घेऊन आला.

नाना गेल्यावर फळ्यावरचा वाढीव दर पुसला. दर वाढवून मी जिंकणार नाही, माझ्यामागून सगळे वाढवतात. युनिटचा दर माझ्या हातात नाही. युनिट आहेत.

१३ एप्रिल
आज घड्याळ लावून नुसती बघत बसले. एक डबा गव्हाचा. तो झाला की दुसरीचा ज्वारीचा. ती पिशवीची गाठ सोडते, सुनेचं गाऱ्हाणं सांगते, मग ओतते. तोवर मोटार रिकामी फिरते. वीज दळण्यात जात नाही, गप्पांत जाते.

फळा : ‘उद्यापासून सकाळी सहा ते नऊ गहू. दुपारी ज्वारी-बाजरी. संध्याकाळी डाळी आणि पापडाचे उडीद. डबे ठेवून जावे. गिरणी रिकामी फिरवणार नाही.’

१५ एप्रिल
बोंबाबोंब. आमच्याकडं दळणाचा डबा कुणी ठेवून जात नाही. आपलं गरम पीठ आपल्या डब्यात पडेपर्यंत शेजारी उभं राहायचं, ही रीत. नवऱ्याला एकटं मुंबईला धाडतील, डब्याला नाही.

“पीठ बदललं म्हंजे?” मास्तरीणबाई.

तुमचा गहू शाळेत पहिला येतो का, ओळखायला?

हे बोलायला नको होतं. मास्तरीणबाई डबा उचलून वेशीजवळच्या गिरणीत गेल्या, मागोमाग आणखी सहाजणी. दुपारी मोटार बंद, मीटर बंद, गल्ला बंद. युनिट वाचले खरे, पण असे वाचवायचे नव्हते.

ह्यांचा फोन. “जनरेटर घेऊया का?”

डिझेल कोण पाजणार त्याला, तुमची पलटण?

पलीकडं बराच वेळ हसू. मग म्हणाले, “दादाला मी सांगू का थांबायला?” नको. शब्द मी दिलाय.

१८ एप्रिल
वेशीजवळच्या गिरणीनं दर दोन रुपयांनी वाढवला. सातपैकी पाच परत. मास्तरीणबाई डब्यावर नेलपॉलिशनं नाव घालून आल्या. मी काही बोलले नाही. (ही नोंद मुद्दाम करतेय.)

पाळ्या जमायला लागल्या. सकाळी ओळीनं बारा डबे, मोटार एकदा लावली की श्वास न घेता बारा डबे. कानालाही फरक कळतो. रिकामी गिरणी किंचाळते, भरलेली घुमते.

२० एप्रिल
टीव्हीवर एक साहेब म्हणाले, महागाई वाढण्याचा वेग मंदावला आहे. म्हणजे पाणी नाकापर्यंत आलंय, पण आता जरा सावकाश चढतंय.

२४ एप्रिल, एकादशी
वाईट झालं. चूक माझीच.

शांताक्काच्या सासूबाई, गल्लीच्या आत्ती. काल त्यांची भगर दळायला आली होती, आजच्या थालिपिठांसाठी. गव्हाची पाळी नुकतीच संपलेली. एरवी उपवासाचं दळायच्या आधी दगड झाडते, मग मूठभर भगर घालून ते पीठ बाजूला टाकते. काल म्हटलं, तेवढ्यासाठी मोटार रिकामी कशाला... आणि थेट ओतली.

आज आत्ती काठी टेकत दारात. “भगरीचं थालपीठ आन् तुटंना! गव्हावाणी ताणतंय. चाळीस वर्सांत उपास मोडला न्हाई माजा. तुज्या लाइटबिलापायी मोडला.”

मी वाकले. पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतला.

संध्याकाळी भाऊजी. “मानसाचा उपास मोडून बिल वाचवायचं व्हय?”

बरोबर बोलले. चार युनिटसाठी मीही भाजीच्या टेम्पोवाल्यासारखीच वागले. आपला भार पुढच्याच्या ताटात.

२६ एप्रिल
फळा, या वेळी विनोद नाही : ‘बुधवारी आत्तींच्या भगरीत गहू मिसळला. चूक गिरणीची. उपवासाचे दळण यापुढे फक्त सोमवारी पहाटे, पहिल्या पाळीआधी, दगड झाडून.’

मास्तरीणबाईंनी थांबून दोनदा वाचलं. आत्तींनी शांताक्काकडून निरोप धाडला : “सोमवारी म्या सोता हुबी ऱ्हानार म्हनावं. खुर्ची ठेव.”

२८ एप्रिल
आत्ती आल्या. खुर्चीत बसल्या, मी कुंच्यानं दगड झाडताना बोट दाखवत राहिल्या. “कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात.” मोटार पाच मिनिटं रिकामी फिरली. फिरू दे.

२९ एप्रिल
उद्या अक्षय्य तृतीया. सकाळी सातला भाऊजी आणि मोबाईलवाला, हातात मापाची टेप.

“मॅडम, जरा बंद करता का? मापं घ्यायची होती.”

गव्हाची पाळी आहे. नऊपर्यंत बंद होत नाही. घ्या चालू असताना.

घेतली. काळा शर्ट घालून आला होता, जाताना पांढरा.

भाऊजींना मीटरपाशी नेलं. गेल्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. युनिट कमी झालेत, डोळ्यांत भरण्याइतके. डबे मात्र तेवढेच, उलट पापडाचे चार जास्तच.

“युनिट उतारल्यात,” म्हणाले. “पर त्यो समायोजन का काय, त्यो किती लावत्यात कुनाला ठावं? बिल उतारलं तर खरं.”

तेही खरं. मी माझ्याकडून होतं ते उतरवलं. उरलेला आकडा कोळशाच्या खाणीपासून निघालाय, वाटेत त्याला कोण कोण भेटेल कोण जाणे.

त्यांनी हात पुढं केला. “किल्ली?”

बिल आल्यावर. ठरलंय तसं.

“बिल चार-पाच तारखेला येतंय. ह्यो उद्या नारळ फोडतोय.”

फोडू दे की. पण बाहेर फोडायला सांगा. आत गहू आहे.

भाऊजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मोबाईलवाल्याला घेऊन रस्त्यात उभे राहिले, बराच वेळ बोलत होते. काय ते ऐकू आलं नाही, मोटार चालू होती. आठवा डबा संपत आलेला. मी नववा ओतला.